निर्णय अधिकाऱ्याचा, तपासणी न्यायालयाची

प्रवरा नदीच्या दोन्ही तीरांवर बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द ही गावे वसलेली आहेत. अशा गावातील कुटुंबांच्या हाती वर्षभरात शासनाचे किती आदेश पडतात, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. सातबाऱ्यावरील फेरफार मंजूर होतो किंवा नामंजूर होतो. पाटपाण्याचा अर्ज निकाली निघतो. रास्त भाव दुकानाचा परवाना निलंबित होतो. पंचायतीच्या एखाद्या सदस्याला अपात्र ठरविल्याचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून येतो. यांपैकी कोणताही आदेश न्यायाधीशाने दिलेला नसतो. तो तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी किंवा एखादे महामंडळ यांचा असतो. तरीही त्याचा परिणाम माणसाच्या जमिनीवर, पोटावर आणि प्रतिष्ठेवर न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच होतो.

अशा आदेशाविरुद्ध न्यायालयात जाता येते काय, आणि गेल्यास न्यायालय काय करू शकते, याविषयी चावडीवर दोन समजुती ऐकू येतात. सरकारी निर्णयापुढे न्यायालयाचे काही चालत नाही, ही एक. उच्च न्यायालयात अर्ज टाकला की सारे प्रकरण नव्याने ऐकले जाते आणि चुकीचा निर्णय बरोबर करून मिळतो, ही दुसरी. दोन्ही समजुती खऱ्या नाहीत. दुसरी अधिक महागात पडते, कारण तिच्यापायी अपिलाची मुदत निघून जाते, वकिलाची फी खर्ची पडते, आणि शेवटी ‘हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, आम्ही त्यात पडणार नाही’ एवढे ऐकून परतावे लागते.

कायदा तपासणे आणि आदेश तपासणे

बेलापूर परिसराला महसूल खाते आणि न्यायालय यांचे नाते नवे नाही. हरेगाव येथील बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आणि त्याचे उसाचे मळे यांच्याभोवती या भागाचे अर्थकारण कित्येक दशके फिरत होते. महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ हा २६ जानेवारी १९६२ रोजी अमलात आला, आणि खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातील मोठमोठे मळे अतिरिक्त ठरले. हे मळे तुकडे न पाडता एकसंध राहावेत आणि कारखान्यांचा ऊसपुरवठा खंडित होऊ नये, यासाठी त्या अधिनियमाच्या कलम २८ मध्ये खास तरतूद होती. महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ १९६३ मध्ये स्थापन झाले ते याच धोरणातून. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी पूर्वी कारखान्यांना खंडाने दिल्या होत्या, त्या ‘खंडकरी’ शेतकऱ्यांचा प्रश्न त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक धुमसत राहिला. २०१२ च्या सुमारास खंडकऱ्यांना जमिनी परत देण्याचे काम प्रत्यक्षात सुरू झाले.

शेजारच्या कोपरगाव भागात मळे असलेल्या गोदावरी शुगर मिल्सने खंडकऱ्यांना जमीन देण्याविषयी मागाहून केलेल्या सुधारणांना आव्हान दिले. हा खटला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मूळ अधिनियम राज्यघटनेच्या नवव्या अनुसूचीत १९६४ पासून समाविष्ट होता. मात्र मागाहून घातलेल्या तरतुदींना त्या अनुसूचीचे कवच आपोआप मिळत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वेळी त्या तरतुदी शेतीसुधारणेच्या असल्यामुळे अनुच्छेद ३१-क खाली त्यांना संरक्षण आहे, असेही ठरविले. परिणामी सुधारणा टिकल्या.

हा निकाल येथे सांगण्याचे कारण असे की त्यात तपासला गेला तो कायदा. विधिमंडळाला असा कायदा करता येतो काय, हा तेथील प्रश्न होता. एखाद्या शेतकऱ्याची किती एकर जमीन अतिरिक्त ठरते, त्याच्या कुटुंबात सज्ञान व्यक्ती किती, विहीर बारमाही आहे की नाही, हे ठरविणारा अधिकारी वेगळा, आणि त्याच्या आदेशाची तपासणीही वेगळी. कायदा पूर्णपणे वैध असूनही त्याखाली दिलेला आदेश अवैध असू शकतो. यापुढील विवेचन या दुसऱ्या प्रकारच्या तपासणीचे, म्हणजे शासकीय आदेशाच्या न्यायालयीन पुनर्विलोकनाचे आहे.

अपील नव्हे

अपिलात वरचा अधिकारी किंवा न्यायालय खालच्याच्या जागी बसते. पुरावा पुन्हा वाचते, साक्षीदार खरा की खोटा हे स्वतः ठरविते, आणि वाटल्यास निर्णय फिरवून आपला निर्णय देते. हा अधिकार कायद्याने दिलेला असावा लागतो. जमीन महसूल अधिनियमाखाली तहसीलदाराच्या आदेशावर प्रांताकडे, तेथून वर, अशी अपिलाची शिडी असते, ती याच अर्थाने.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ व २२७ खाली उच्च न्यायालय जे करते ते अपील नव्हे. निर्णय शहाणपणाचा होता काय, हे न्यायालय पाहत नाही. तो ज्या वाटेने घेतला गेला ती वाट कायदेशीर होती काय, हे ते पाहते. अधिकाऱ्याला तो निर्णय घेण्याचा अधिकार होता काय? कायद्याने आखून दिलेली पद्धत त्याने पाळली काय? ज्याचे नुकसान होणार होते त्याला आपली बाजू मांडू दिली काय? निष्कर्षाला काही तरी पुरावा होता काय? अधिकार ज्या कारणासाठी दिलेला आहे त्याच कारणासाठी तो वापरला गेला काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर न्यायाधीशांचे व्यक्तिगत मत निराळे असले तरी आदेश कायम राहतो. वस्तुस्थितीविषयीची चूक कितीही मोठी वाटली तरी केवळ तेवढ्यावर उच्च न्यायालय हस्तक्षेप करीत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मधील सय्यद याकूब खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र काहीही पुरावा नसताना काढलेला निष्कर्ष ही कायद्याचीच चूक होय, असेही त्याच निकालात सांगितले आहे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रसंग घेता येईल. समजा, बेलापूरमधील एका रास्त भाव दुकानाविरुद्ध धान्य कमी मोजल्याची तक्रार आली, पुरवठा निरीक्षकाने पंचनामा केला आणि परवाना रद्द झाला. निरीक्षकाच्या पंचनाम्यावर विश्वास ठेवावा की दुकानदाराच्या चार साक्षीदारांवर, हे उच्च न्यायालय सहसा ठरविणार नाही. परंतु पंचनाम्याची प्रत दुकानदाराला कधी दिलीच नाही, असे निघाले तर? किंवा नोटीस कमी मापाची आणि आदेश मात्र साठ्यातील तफावतीबद्दल, असे झाले तर? किंवा ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याला परवाना रद्द करण्याचा अधिकारच नाही त्याने सही केली असेल तर? दुकानदार खरोखर माप मारीत होता की नाही या प्रश्नाला हातही न लावता न्यायालय असा आदेश रद्द करील. आणि बहुधा प्रकरण परत पाठवून सांगील की आता नीट नोटीस द्या, ऐका आणि नव्याने ठरवा. गावात याचा अर्थ ‘दुकानदार सुटला’ असा लावला जातो. तो तसा नसतो.

हक्काचा विस्तार कसा झाला

आज जे सहज वाटते ते १९५० मध्ये सहज नव्हते. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या जमीन अधिग्रहण अध्यादेशाखाली सरकारने मुंबईतील एक सदनिका ताब्यात घेतली. त्याविरुद्ध खुशालदास अडवाणी यांनी दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयात त्यांना यश मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९५० मध्ये बहुमताने सांगितले की सार्वजनिक प्रयोजनासाठी जागा हवी की नाही हे ठरविणे हे प्रशासकीय काम आहे, न्यायिक स्वरूपाचे नव्हे. म्हणून सर्शिओरारीचा रिट, म्हणजे निर्णयाचे कागद मागवून तो रद्द करण्याचा आदेश, येथे चालणार नाही. त्या काळी सारा वाद ‘प्रशासकीय’ आणि ‘न्यायिकवत्’ या दोन शब्दांभोवती फिरे. काम कोणत्या कप्प्यात पडते यावर नागरिकाचे नशीब ठरे.

पुढे हा कप्प्यांचा खेळ हळूहळू मोडला. ओरिसातील एका महिला डॉक्टरची जन्मतारीख शासनाने तिला पुरेशी संधी न देता बदलली आणि तिला लवकर निवृत्त केले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेश प्रशासकीय असला तरी त्याचे परिणाम माणसाच्या हक्कांवर होत असतील तर त्याला ऐकलेच पाहिजे. त्यानंतर दोन वर्षांनी क्रैपाक खटला आला. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वन सेवेसाठी निवड करणाऱ्या मंडळावर एक अधिकारी बसले होते, आणि ते स्वतःच उमेदवार होते. आपले नाव निघाले तेव्हा ते उठून गेले. पण प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा बसून राहिले. निवड रद्द झाली. स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतः न्यायनिवाडा करू नये, हे तत्त्व प्रशासकीय कामालाही लागू आहे, असे त्या निकालाने पक्के झाले.

‘नैसर्गिक न्याय’ हे भारदस्त नाव धारण करणाऱ्या तत्त्वाचा गाभा एवढाच आहे: ऐकल्याशिवाय ठरवू नये, आणि ज्याचा हितसंबंध आहे त्याने ठरवू नये. गावच्या पंचांना हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. बांधाच्या भांडणात एका पक्षाच्या मेहुण्याला कोणी पंच नेमीत नाही.

सुनावणीच्या बाबतीत आणखी एक बारकावा कार्यालयांत वरचेवर निसटतो. आंध्र प्रदेशातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्धच्या हरकती सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत नाकारली. जो ऐकतो त्याने ठरवावे. सुनावणी एका अधिकाऱ्यापुढे पूर्ण झाली, मध्ये बदली झाली आणि नव्या अधिकाऱ्याने जुनी टिपणी वाचून आदेश काढला, असे आजही घडते. पक्षकाराने मागणी केल्यास नव्याने थोडी सुनावणी घेणे कार्यालयाला कितीतरी स्वस्त पडते.

अंधेरीचे चित्रपटगृह

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त निकाल मुंबईचाच आहे, आणि तो बराच जुना आहे. गोरधनदास भानजी यांना अंधेरी येथे चित्रपटगृह बांधावयाचे होते. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये त्याच आयुक्तांचे पत्र आले: शासनाच्या निर्देशावरून कळविण्यात येते की आपणास दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे. नियमाप्रमाणे परवानगी देण्याचा व रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, शासनाचा नव्हे. प्रकरण न्यायालयात गेल्यावर, रद्द करण्याचा निर्णय आपण स्वतः विचार करूनच घेतला होता, असा पवित्रा घेण्यात आला.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५१ मध्ये हा पवित्रा स्वीकारला नाही. पत्राचे शब्द स्वच्छ होते: निर्णय शासनाचा होता, आयुक्त केवळ कळवीत होते. सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्याच्या शब्दांवरून लावावयाचा; तो काढणाऱ्याच्या मनात काय होते याच्या नंतरच्या खुलाशावरून नव्हे. आणि ज्याला कायद्याने विवेकाधिकार दिला त्याने तो स्वतः वापरावयाचा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही करणे म्हणजे अधिकार वापरणे नव्हे. न्यायालयाने परवानगी बहाल केली नाही. आयुक्तांनी स्वतःच्या विवेकाने नव्याने ठरवावे, एवढाच आदेश दिला.

हेच तत्त्व १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूक प्रकरणात पुन्हा उच्चारले गेले, आणि आज ते देशातील प्रत्येक उच्च न्यायालयात रोज सांगितले जाते. आदेश ज्या कारणांवर निघाला त्याच कारणांवर तो उभा राहतो किंवा पडतो. नंतर शपथपत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत. सरकारी वकिलांची खरी अडचण येथेच असते. नस्तीत टिपणी उत्तम असते, चौकशी अहवाल सविस्तर असतो, आणि आदेशात मात्र ‘प्रकरणाचे अवलोकन केले. अर्जदाराचे म्हणणे संयुक्तिक वाटत नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे’ एवढेच असते. का संयुक्तिक वाटत नाही, हे एका वाक्यात लिहिले असते तर आदेश वाचला असता. ‘वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार’ ही शब्दरचना तर आदेशात कधीच येऊ नये, आणि सूचना प्रत्यक्षात तशीच आली असेल तर निर्णयच पुन्हा स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे.

एकच कलम, दोन निकाल

पंचायत सदस्यांना सर्वांत जवळचा विषय अपात्रतेचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मधील एका तरतुदीनुसार शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. वाद जिल्हाधिकारी ठरवितात, त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील होते. या तरतुदीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेली प्रकरणे शेजारी ठेवून वाचली की पुनर्विलोकन म्हणजे काय ते नेमके कळते.

अतिक्रमण सदस्याने स्वतः केलेले असावे लागते की कुटुंबातील वडीलधाऱ्याने केलेले अतिक्रमणही त्याला भोवते, हा पहिला प्रश्न. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी सांगितले की ज्याने मुळात अतिक्रमण केले तोच अपात्र. २०१८ मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हे मत बदलले. सदस्य अशा जागेचा कब्जा पुढे चालू ठेवून उपभोग घेत असेल, तर अतिक्रमण मुळात सासऱ्याने केले की पतीने, याने फरक पडत नाही. पंचायतीच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्यानेच ती दाबून बसावे, हे कायद्याला मान्य नाही. हा कायद्याच्या अर्थाचा प्रश्न होता, आणि कायद्याचा अर्थ सांगणे हे न्यायालयाचेच काम असल्यामुळे तेथे न्यायालयाचा शब्द शेवटचा.

२०२४ मध्ये त्याच तरतुदीखाली जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचांचे प्रकरण आले. त्या आपल्या सासूबरोबर शासकीय जमिनीवरील घरात राहतात, अशी तक्रार होती. आपण स्वतंत्र, भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरविले, आयुक्तांनी अपील फेटाळले, उच्च न्यायालयातही त्यांना यश आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०२४ रोजी हे सारे आदेश रद्द केले. २०१८ चा अर्थ बदलला म्हणून नव्हे. त्या कोठे राहतात, या एकाच वस्तुस्थितीची नीट खातरजमा कोणत्याही पातळीवर झालेली नव्हती म्हणून. निवडून आलेल्या महिलेचे पद इतक्या हलगर्जीपणे काढून घेतले जाते, याविषयी न्यायालयाने कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली, आणि महिलेने सरपंच होणे ग्रामस्थांना पचले नाही हेही या तक्रारींमागचे एक कारण असल्याचे नमूद केले.

तेव्हा, अतिक्रमणाच्या तक्रारीत चौकशी करणाऱ्या ग्रामसेवकाने आणि विस्तार अधिकाऱ्याने काय करावयाचे, हे या दोन निकालांतून निघते. जागेची मोजणी आणि गावठाण नकाशा. घराचा नमुना आठचा उतारा. मतदार यादी, शिधापत्रिका, वीजबिल यांवरील पत्ता. प्रत्यक्ष पाहणी आणि ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या उपस्थितीत. एवढे कागद नस्तीत असतील तर आदेश कोणत्याही बाजूचा असो, तो टिकण्याची शक्यता मोठी. ‘ग्रामस्थांच्या तक्रारीवरून’ एवढ्यावर टिकण्याची शक्यता अल्प. तक्रार करणारे अनेकदा निवडणुकीत हरलेले असतात. ही गोष्ट चौकशी अधिकाऱ्याला ठाऊक असते, तशी ती न्यायालयालाही ठाऊक असते.

नगरपालिकांच्या बाबतीतही हाच सूर आहे. उरणच्या नगराध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा शासनाचा आदेश २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो, लोकांनी निवडून दिलेल्या व्यक्तीला काढताना कायद्यातील कार्यपद्धती काटेकोरपणे पाळली पाहिजे आणि कारणे दिली पाहिजेत, याच भूमिकेतून.

‘अंतिम’ या शब्दाचा अर्थ

रेल्वेच्या बेलापूर स्थानकावर उतरलेला प्रवासी श्रीरामपुरात उतरतो. बेलापूर गाव तेथून काही मैलांवर राहते. कायद्यातील काही शब्दांचेही असेच आहे. ‘आयुक्तांचा निर्णय अंतिम असेल’ असे अनेक अधिनियमांत लिहिलेले असते, आणि ते वाचून नागरिक आशा सोडतो, तर कधी अधिकारी निर्धास्त होतो. या शब्दाचा अर्थ एवढाच की त्या अधिनियमाखाली आता आणखी अपील नाही. अनुच्छेद २२६ व २२७ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार त्याने आटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये चंद्रकुमार खटल्यात सांगितले की हा अधिकार राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे. घटनादुरुस्तीनेही तो काढून घेता येत नाही. शासकीय सेवकांच्या गाऱ्हाण्यांसाठी १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. आधी तेथेच जावे लागते. पण त्याच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे दाद मागता येते, ती या निकालामुळे.

दिवाणी न्यायालयाची गोष्ट वेगळी. महसुलाच्या अनेक बाबी १८७६ च्या कायद्यानेच मुंबई इलाख्यातील दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या, आणि पुढच्या कायद्यांनी ही यादी वाढविली. परंतु जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचाच. फेरफार नोंद ही मालकी देत नाही आणि हिरावूनही घेत नाही. ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. वाटणीचा वाद मनात धरून फेरफाराविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत भांडत गेलेली कुटुंबे दहा वर्षांनी पुन्हा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या दारी येतात, हे प्रत्येक तालुक्यात पाहावयास मिळते.

निवडणुकीच्या बाबतीत तर दार आणखी अरुंद आहे. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनुसार पंचायतीची निवडणूक केवळ निवडणूक अर्जाद्वारेच प्रश्नास्पद करता येते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे तो अर्ज करावयाचा. सोळाव्या दिवशी कितीही भक्कम पुरावा हाती आला तरी वाट बंद झालेली असते.

आधी कोठे, केव्हा

अपिलाची सोय असताना ती डावलून थेट उच्च न्यायालयात गेल्यास न्यायालय सामान्यतः अर्जदाराला परत पाठविते. हा अधिकार नसल्याचा प्रश्न नसून न्यायालयाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन आहे. १९९८ मधील व्हर्लपूल खटल्यात त्याचे अपवाद एकत्र सांगितले आहेत: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, मुळात अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. या चारांत आपले प्रकरण बसत नसेल तर अपिलाची मुदत मोजणे हेच प्रथम कर्तव्य.

उशीर हा दुसरा अडथळा. रिट अर्जाला कायद्याने ठरविलेली मुदत नाही. तरीही विनाकारण झोपून राहिलेल्याला न्यायालय दाद देत नाही. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या कंत्राटाचे १९७९ चे प्रकरण याची साक्ष देते. प्राधिकरणाने निविदेत अनुभवाची अट घातली आणि ती पूर्ण न करणाऱ्यालाच कंत्राट दिले. स्वतः जाहीर केलेली अट प्राधिकरणाला बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठासून सांगितले, आणि तरीही कंत्राट रद्द केले नाही. अर्जदार कित्येक महिने उशिरा आला होता, आणि दरम्यान दुसऱ्या पक्षाने खर्च केला होता. तत्त्व अर्जदाराच्या बाजूचे ठरले, पण हाती काही पडले नाही. ग्रामपंचायतीच्या बाजार वसुलीच्या वा गाळ्यांच्या लिलावातही याच तत्त्वाची कसोटी लागते: जाहिरातीत लिहिलेली अट लिलावाच्या दिवशी सोयीप्रमाणे सैल करता येत नाही. पंचायत ही येथे तक्रारदार नसून ‘शासन’ असते, हे सदस्यांच्या ध्यानात बहुधा नोटीस आल्यावरच येते.

मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यातही असेच काहीसे झाले. नोटीस न देता अतिक्रमण हटविण्याची मुभा महापालिका अधिनियमाच्या कलम ३१४ मध्ये होती. मुभा म्हणजे आज्ञा नव्हे; सर्वसाधारणपणे नोटीस दिलीच पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर १९८५ उजाडेपर्यंत कोणाला हलवू नये, एवढा दिलासा दिला.

कार्यालय निर्णयच देत नसेल, तर काय? आदेशच नाही, मग रद्द काय करावयाचे? अशा वेळी मँडॅमसचा रिट उपयोगी पडतो. अमुक दिवसांत निर्णय घ्या, असा हुकूम न्यायालय देते. अमुकच निर्णय घ्या, असा सहसा देत नाही. कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याने नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ आपल्याकडे ठेवू नये, असे महाराष्ट्राच्या २००५ च्या दप्तर दिरंगाई प्रतिबंधक कायद्याने सांगितले आहे. अर्जाची पोच, तारखेसह आणि आवक क्रमांकासह जपून ठेवलेली असेल, तर अशा अर्जाचे निम्मे काम तेथेच होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील रिट अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील खंडपीठाकडे जातात. अर्जासोबत मूळ आदेश, कारणे दाखवा नोटीस, तिला दिलेले उत्तर, सुनावणीचे रोजनामे आणि अपिलातील आदेश यांच्या प्रती जोडाव्या लागतात. हे कागद कार्यालयाने दिले नसतील तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली टिपणीसह मागता येतात. वकील करण्याची ऐपत नसलेल्यांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली तालुका विधी सेवा समिती आणि खंडपीठाच्या ठिकाणी उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे. महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाचा दाखला न मागता तेथे वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो.